'टाइम' शोधत बसलो, निघालं 'क्लॉक'

मी घरी बसून भाषांतराची कामं करतो. एका ग्राहकाने तासाप्रमाणे पैसे द्यायचं कबूल केलं, पण कुठल्या प्रकरणाला किती वेळ लागला त्याचा तक्ता मागितला. तोवर मी वेळा वहीच्या मागच्या पानावर लिहायचो, खरं तर लिहायला विसरायचो. सगळं लेखन ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्येच होतं, तर त्यातच काही सोय आहे का पाहू म्हटलं. त्या दुपारी पावसाने नेट गेलेलं. हाताशी होती ती ईमॅक्सच्या पोटातली मदत, बस्स.

कंट्रोल-एच आणि मग ए दाबलं की नावावरून आज्ञा शोधता येतात. 'टाइम' टाकलं, तर यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबतच गेली. त्यातलं आपल्या कामाचं कोणतं, काही कळेना. मग कंट्रोल-एच, आर दाबून ईमॅक्सची पुस्तिका उघडली. तिथे आय दाबलं की सूचीतला शब्द विचारतात. 'टाइम' लिहून टॅब दाबली, तर खाली एक नाव दिसलं: टाइमक्लॉक. ते निघालं कॅलेंडर आणि डायरीच्या प्रकरणात! मी ते प्रकरण सणवार बघायचं समजून कधी उघडलंच नव्हतं.

टाइमक्लॉक-इन म्हटलं की ते प्रोजेक्टचं नाव विचारतं, टाइमक्लॉक-आउट म्हटलं की थांबतं. त्यात 'आता घरी कधी जाता येईल' हे सांगणारीही आज्ञा आहे. दिवस आठ तासांचा धरलेला असतो. मी घरीच होतो, त्यामुळे तिचा उपयोग शून्य, पण वाचून हसू आलं. अडचण अशी की मला हिशेब प्रकरणवार हवा होता, आणि माझी प्रकरणं ऑर्ग फाइलमध्ये (ऑर्ग म्हणजे ईमॅक्समधली मथळ्यांखाली मजकूर मांडायची सोय) मथळ्यांखाली होती.

आणि इथेच माझा अर्धा तास गेला. ऑर्गमध्ये असं काही असणार हा अंदाज होता, पण आय फक्त उघडलेल्या पुस्तिकेची सूची बघतं आणि ऑर्गची पुस्तिका वेगळी. शेवटी इन्फो-अ‍ॅप्रोपॉस ही आज्ञा सापडली. ती सगळ्या पुस्तिकांच्या सूच्या एका दमात चाळते. या वेळी 'टाइम' नाही, 'क्लॉक' टाकलं. ऑर्गच्या ओळी धडाधड आल्या. एकीवर एंटर दाबलं आणि 'क्लॉकिंग वर्क टाइम' हा विभाग समोर.

मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आय: घड्याळ सुरू. शेवटचं आय बदलून ओ केलं की बंद. मथळ्याखाली लॉगबुक नावाचा कप्पा तयार झाला, आत पहिली ओळ: १०:४० ते ११:५२, आणि बाणापुढे १:१२. ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट म्हटल्यावर सगळ्या मथळ्यांची बेरीज तक्त्यात येते. नोंदी वाढल्या की तक्त्याच्या वरच्या ओळीवर जाऊन कंट्रोल-सी दोनदा दाबायचं, आकडे ताजे होतात.

दोन दिवसांनी घोळ केलाच. रात्री साडेनऊला घड्याळ लावलं, फाइल सेव्ह केली, जेवायला उठलो आणि चार्जर लावायचा राहिला. बॅटरी संपून लॅपटॉप बंद. सकाळी ९:१० ला नवीन घड्याळ लावायला गेलो, तर ऑर्गने आदल्या रात्रीचं उघडं घड्याळ पकडलं आणि काय करू म्हणून विचारलं. पर्याय एकेका अक्षराचे. मोठं के म्हणजे सांगू तेवढी मिनिटं ठेव आणि घड्याळ बंद कर. किती ठेवायची, या प्रश्नाला ७०० हा आकडा आधीच सुचवलेला! एंटर दाबलं असतं तर ग्राहकाच्या माथी माझी झोपही लागली असती. ७०० ऐवजी २५ लिहिले.

महिनाअखेरीला तक्ता पाठवला. वहीच्या मागच्या पानावर आता वाण्याची यादी असते.