नेवाडा, वेगास सोडून: हायवे ५० ने जाऊन हम्बोल्टच्या काठाने परत

रीनोहून हायवे ५० ने पूर्वेला बेकरपर्यंत, तिथून ईलीला मागे येऊन उत्तरेला वेल्स, मग हम्बोल्ट नदीच्या काठाने इंटरस्टेट ८० वरून परत रीनो. ही फेरी सुमारे १,५०० किमीची आहे. सप्टेंबरच्या अखेरीस पाच दिवसांत केली. चार दिवसांतही होते, पण मग नुसती गाडीच हाकावी लागते.

नेवाडा महाराष्ट्रापेक्षा थोडंच लहान आहे, पण लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ३१ लाख, आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश लोक एकट्या क्लार्क काउंटीत, म्हणजे लास वेगास आणि भोवती. उरलेल्यांतले बहुतेक रीनो-कार्सन सिटीकडे. त्यामुळे या वाटेवर दोन गावांच्या मधे खरोखरच काही नसतं.

म्हणून आधी पेट्रोलचा हिशेब. रीनो ते फॅलन १०० किमी, फॅलन ते ऑस्टिन १७७, ऑस्टिन ते युरेका ११३, युरेका ते ईली १२४, ईली ते बेकर १००. नियम एकच: टाकी अर्धी असली तरी प्रत्येक गावात फुल करायची. फॅलन-ऑस्टिनमधे मिडलगेटला पंप आहे, पण त्याच्या भरवशावर निघू नका. पंपावरचं मशीन कार्डाचा झिप कोड (तिकडचा पिनकोड) मागतं आणि भारतीय कार्ड तिथेच अडतं. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगा, आगाऊ पैसे भरा, उरलेले परत मिळतात. फोनला रेंज गावापुरतीच असते, नकाशे आधीच उतरवून घ्या. पाणी माणशी रोजचं चार लिटर धरा आणि एका दिवसाचं जादा ठेवा.

आता रस्ता असा का आहे ते. इथलं भूकवच पूर्व-पश्चिम ताणलं गेलं, तुकडे तिरपे झाले, आणि उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगा एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. हायवे ५० त्यांना आडवा कापतो. एक घाट चढायचा, सुमारे दोन हजार ते २,३५० मीटरवरची खिंड ओलांडायची, सपाट दरीत उतरायचं, समोर पुढची रांग हजर. पश्चिमेला सिएरा नेवाडा पर्वत ढग अडवतो. सह्याद्रीपलीकडे माण-खटाव कोरडे राहतात, तोच प्रकार, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. जे पाणी पडतं तेही बहुतेक समुद्राला मिळत नाही. नद्या आतल्याच तळ्यांत किंवा खारपटांत जिरतात. हे डोक्यात ठेवून फिरलात तर इथलं प्रत्येक गाव कळत जातं: पाणी आहे तिथे वस्ती टिकते, आणि नुसतं खनिज असलं तर ते संपेपर्यंतच.

दरीभर राखाडी-हिरवं खुरटं झुडूप दिसतं, ते सेजब्रश. त्याचं फूल हे राज्यपुष्प आहे. गाडी थांबवून दोन पानं बोटांनी चुरडा. वास ओळखीचा वाटेल, कारण हे झुडूप आपल्या दवण्याच्याच कुळातलं, ज्योतिबाला वाहतात त्या दवण्याच्या. पानाच्या टोकाला तीन बारीक दाते असतात. पावसाची सर येऊन गेली की सगळी दरी या वासाने भरते.

फॅलन या वाटेवरचं हिरवं गाव. १९०५ साली ट्रकी नदीचं पाणी कालव्याने इकडे वळवलं, त्यावर लसूणघास आणि खरबुजं पिकतात. त्याची किंमत कोणी मोजली ते परतीच्या वाटेवर दिसतं.

ऑस्टिन आणि युरेका ही चांदीची गावं. युरेकात १८८० चं ऑपेरा हाउस आणि विटांचं कोर्ट अजून उभं आहे. पण या गावात बघायचं ते भोवतालच्या डोंगरांवर. शिसं-चांदी वितळवायच्या भट्ट्यांना लोणारी कोळसा लागे, त्यासाठी मैलोन्‌मैल पिन्यन पाइनची झाडं तोडली गेली. १८७९ साली इटालियन-स्विस कोळसेवाल्यांनी भाव वाढवून मागितला, तेव्हा शेरीफच्या माणसांनी त्यांच्यातल्या पाच जणांना गोळ्या घातल्या. आणि इथल्या ज्या मूळ रहिवासी शोशोनी लोकांचं हिवाळ्याचं अन्न या झाडाच्या बिया होत्या, त्यांची तर बेगमीच गेली. बिया म्हणजे आपल्या चिलगोजांसारख्याच. झाडं आता पुन्हा वाढली आहेत. अमेरिकी सरकारचा शोशोनींशी १८६३ साली रूबी व्हॅलीचा करार झाला. तो जाण्या-येण्याची वाट देणारा होता, जमीन सोडून देणारा नव्हता. हा वाद अजून त्यांच्या मनातून गेलेला नाही.

राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. प्रवाशाला याचा फायदा असा की बहुतेक मोकळ्या सरकारी जमिनीवर १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकता येतो, मात्र आग पेटवण्यावरची बंदी आधी तपासा. गुरंवाले याच जमिनीवर परवान्याने गुरं चारतात. हिशेब 'एक गाय वासरासकट एक महिना' अशा एककात होतो. रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कुंपण नसतं आणि मोकळ्या चराईच्या भागात गाय गाडीखाली आली तर मालक जबाबदार धरला जात नाही. रात्री काळी गाय डांबरावर अजिबात दिसत नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, ही आमची सगळ्यात कळकळीची सूचना.

ईलीत तांब्याची खाण आजही चालू आहे. नेवाडा नॉर्दर्न रेल्वेची कार्यशाळा जुन्या वाफेच्या इंजिनांसकट जशीच्या तशी ठेवली आहे. तिथे अर्धा दिवस द्या. गावाच्या दक्षिणेला वॉर्डच्या कोळसाभट्ट्या आहेत, सहा दगडी घुमट, नऊ मीटर उंच. शेवटचा टप्पा खडीचा आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात बहुधा कच्चा रस्ता वर्ज्य असतो, सही करण्याआधी वाचा.

बेकरजवळ ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान. लेहमन गुहा रेंजरबरोबरच बघता येते, तिकीट ऑनलाइन आधी काढा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. आत बारा महिने १० अंश, स्वेटर हवाच. दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरलेले बूट-कपडे घालून जाऊ नका. वटवाघळांना मारणारी बुरशी त्यातून पसरते, म्हणून दारात विचारतात. व्हीलर शिखराचा रस्ता ३,००० मीटरपर्यंत चढतो, वरचा भाग हिवाळ्यात बंद असतो. तिथून ब्रिसलकोन पाइनच्या राईपर्यंत जाऊन-येऊन साडेचार किमी. चढ फार नाही, पण हवा विरळ आहे, पहिल्या दिवशी घाई केली तर डोकं धरतं. १९६४ साली इथलंच एक झाड तोडलं गेलं आणि मग कळलं की त्याला ४,८०० हून जास्त वलयं आहेत. नापीक जमीन आणि थंडी यामुळे झाड अतिशय हळू वाढतं, लाकूड राळेने भरलेलं आणि घट्ट होतं, म्हणून कीड-बुरशी लागत नाही. खोडाला हात लावून बघा, हाडासारखं लागतं.

ईली ते वेल्स २२० किमी, मधे काहीच मिळणार नाही असं समजून निघा. वेल्सहून एल्को ८० किमी. अमेरिकेचं सुमारे तीन चतुर्थांश सोनं नेवाडात निघतं, त्यातलं पुष्कळसं एल्को-कार्लिनच्या पट्ट्यात. हे सोनं डोळ्यांना दिसत नाही. एका टन दगडात काही ग्रॅम, कमी प्रतीच्या दगडात तेवढंही नाही. दगड फोडून ढीग रचतात आणि त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण झिरपवून सोनं काढतात. सोन्याचा भाव चढा तोवर एल्कोत खोली महाग, आधी आरक्षण करा. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून मेंढ्या राखायला आलेल्या बास्क लोकांच्या खाणावळी इथे आहेत. लांब टेबलावर पंगत बसते, सूप, सॅलड, शेंगांची उसळ, मग मटण. शाकाहारी असाल तर सूप आणि उसळीतही मांस आहे का ते विचारून घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवलेली बरी. फळं मात्र कॅलिफोर्नियाला पुढे जाणार असाल तर सीमेआधी संपवा, तपासणी नाक्यावर विचारतात.

एल्को ते रीनो ४६५ किमी. हम्बोल्ट नदी साथ देते आणि लव्हलॉकच्या पुढे खारपटात संपून जाते. वॅड्सवर्थला हायवे सोडून उत्तरेला वळलात की पिरॅमिड सरोवर. फॅलनच्या कालव्याने ट्रकीचं पाणी नेलं तेव्हा या सरोवराची पातळी सुमारे २४ मीटर खाली गेली आणि शेजारचं विनेमका सरोवर १९३० च्या दशकात साफ आटलं. क्वी-वी हा मासा जगात फक्त इथेच आहे, आणि इथले मूळ रहिवासी पायूट लोक स्वतःला त्याच्याच नावाने ओळखतात. सरोवर त्यांच्या मालकीचं आहे, दिवसाचा परवाना त्यांच्याकडूनच, आधी घ्यायचा. काठावरच्या वाळूत गाडी घालू नका, चाकं रुततात. पांढऱ्या खडकांवर जुन्या पाण्याची रेघ दिसते, ती बघायला संध्याकाळचं ऊन लागतं, तेव्हा चारच्या आत पोचा.