फळ्यावरचे दहा अंक

नववीत असताना एका शनिवारी तास संपता संपता गणिताच्या बाईंनी फळ्यावर ४२९४९६७२९७ ही संख्या लिहिली आणि म्हणाल्या, "ही मूळ संख्या आहे का, सोमवारी सांगा."

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. त्यावरून फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला सतराव्या शतकात वाटलं होतं, की हे सगळं घराणंच मूळ संख्यांचं असणार.

मी घरी भाग द्यायला बसले. ३, ७, ११, १३... दर वेळी बाकी उरायची. रविवारी रात्री २९३ पर्यंत पोचले. ६० भागाकार झाले होते. संख्या मूळच आहे असं ठरवून झोपले.

सोमवारी बाईंनी माझी वही पान न् पान पाहिली. "भागाकार सगळे बरोबर आहेत गं," म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. या संख्येचा मूळ अवयव ६४ च्या कुठल्या तरी पटीपेक्षा १ ने मोठाच असावा लागतो, हे ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केलंय. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. तिथे भाग जातो! ऑयलरला हा अवयव १७३२ मध्ये सापडला: ६४१ गुणिले ६७००४१७. माझ्या ६० भागाकारांतले दोनच कामाचे होते.

पण मी खरी हरखले ती त्यापुढे. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. म्हणून ६४१ ने भागताना ६४० च्या जागी उणे १ चालतो. चौथा घात घेतला, की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. आता तेच ६४१ वेगळं मांडा: ६२५ अधिक १६. ६२५ हा ५ चा चौथा घात. त्याच्या जागी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात. ४ आणि २८ मिळून ३२! उणे २ चा ३२ वा घात, याची बाकी १. मग २ चा ३२ वा घात अधिक १, याची बाकी शून्य. दहा अंकी संख्येला एकदाही भाग न देता. बाईंनी खडू खाली ठेवला तरी मी फळ्याकडे बघतच होते.

त्या रात्री मी ६७००४१७ घेऊन बसले. तिचं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे. पहिल्या चार संख्या आधीच बाद झालेल्या, त्यामुळे ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३ एवढ्याच उरल्या. सातही वेळा बाकी उरली. पानाच्या तळाशी मी "मूळ" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आणि खाली लाल शाईत लिहिलं, "आता २ चा ६४ वा घात अधिक १ बघ."