डाइंगमधला मुका ‘ई’

गुरुवार

सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांच्या पाट्या आणि बिलं वाचताना नजर ‘डाइंग’वर अडकतेच. कुठे मधला ई असतो, कुठे नसतो. एरवी आयएनजी लागलं की शेवटचा मुका ई गळतो. ‘वीव्ह’चं ‘वीव्हिंग’ होताना तो जातोच. पण रंगवण्याच्या डी-वाय-ई मधला ई ठेवावा लागतो. काढला तर डी-वाय-आय-एन-जी उरतं, म्हणजे मरणं! मरण्याच्या मूळ शब्दात आय-ई असतं आणि आयएनजीपुढे त्याचा वाय होतो. ‘यार्न डाइड’ लिहितानाही डी-वाय-ई-डी. तिथं आय पडला तर सूत मेलं.

‘सिंजिंग’ची गत तीच. कापडावरचे सुटे तंतू ज्योतीवर जाळायची ही प्रक्रिया: एस-आय-एन-जी-ई आणि पुढे आयएनजी. ई गाळला की कापड गायला लागतं. कॉम्प्युटर अशा चुकांखाली बहुधा लाल रेघ ओढत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं आपापल्या जागी बरोबर असतात. बिल डोळ्यांनीच तपासायचं.

आपली मुलं देवनागरीच्या सवयीनं कानावर विसंबतात, म्हणून न उच्चारलेली अक्षरं निसटतात. दहा वेळा लिहून काढण्यापेक्षा शब्दाचा नातेवाईक शोधावा, हे मला जास्त पटतं. कर्जाच्या ‘डेट’मधला बी ‘डेबिट’मध्ये ऐकू येतो, ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये, ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये. कर्जाचा हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन ‘डेबिटम’कडे बघून तो घातला. ‘रिसीट’मधला पीसुद्धा लॅटिनकडे बघूनच आला. त्याच घराण्यातल्या ‘डिसीट’ला मात्र पी नाही, तेव्हा ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून चिकटलाय.

वह्या-पेनांची स्टेशनरी ई-आर-वाय, ‘पेपर’च्या शेवटी ई-आर आहे तशी. एका जागी उभी गाडी ए-आर-वाय.

अक्षर दुप्पट कधी करायचं, हे खरं अवघड, कारण तिथं आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ओळखावा लागतो आणि मराठीत आघातानं सहसा अर्थ बदलत नाही. शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल व जोर शब्दाच्या शेवटच्या अवयवावर (सिलेबलवर) असेल, तर व्यंजन दुप्पट. घडण्याच्या ‘अकर’वरून (ओ-सी-सी-यू-आर) ‘अकर्ड’ करताना आर दोन. ‘व्हिजिट’चा जोर पहिल्या अवयवावर, म्हणून ‘व्हिजिटेड’मध्ये टी एकच.

‘टॉवेलिंग’चाही जोर सुरुवातीलाच, तरी ब्रिटिश पद्धतीत एल दोन. अमेरिकन पद्धतीत एकच, आणि ‘कलर’मधला यूही नाही, नोआ वेबस्टरच्या 1828 च्या शब्दकोशानं अशी रूपं तिकडे रुजवली. निर्यातीच्या कागदांवर गिऱ्हाइकाच्या ऑर्डरमध्ये असेल तेच स्पेलिंग ठेवावं. एकाच बिलात दोन एलचं टॉवेलिंग आणि यूशिवायचा कलर, ही खिचडी नको.