वजिराच्या पट्टीतलं प्यादं

परभणी, रविवार, रात्री

मामांशी बुद्धिबळ खेळायचं तर आधी नियमांचं भांडण मिटवावं लागतं. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचा खेळ गावाकडचा, पारावरचा. माझा मोबाइलवर शिकलेला. माझं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं गेलं की ते हात धरतात. "आगं, ह्ये कसलं प्यादं? निघाल्या निघाल्या पळायलंय!"

त्यांचं प्यादं एकेकच घर चालतं, आणि पलीकडे पोचलं की त्या पट्टीचं, म्हणजे त्या उभ्या रांगेत सुरुवातीला असलेलं, मोहरं होतं. हत्तीच्या पट्टीत हत्ती, घोड्याच्या पट्टीत घोडा. माझं कुठूनही पोचलं तरी मी वजीर मागते. मामांना ही लबाडी वाटते. मला मात्र त्यांचाच नियम जास्त खोल वाटू लागलाय. कोणतं प्यादं कुठून न्यायचं हे ते डावाच्या मध्यातच ठरवतात. प्यादं तिरकं मारतं ना, म्हणून वजिराच्या पट्टीत शिरायला ते मुद्दाम मारामारी ओढवून घेतात.

घरात पट आला तो लेकीच्या हट्टामुळे. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला अंतिम फेरीत भारताच्याच कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हाची गोष्ट. लेक लवकरच कंटाळली, पट आम्हा दोघांना उरला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे मामा नागपूरच्या पोरीचं इतकं कौतुक करतील असं वाटलं नव्हतं.

भांडणावर तोडगा निघाला तो डावाच्या शेवटातून. 1921 ते 1927 जगज्जेता असलेला क्यूबाचा कापाब्लांका म्हणायचा, शिकणाऱ्याने आधी शेवट शिकावा. मला ते तेव्हा उलटं वाटलं होतं. पण दोन राजे आणि एक प्यादं एवढंच मांडलं, तेही वजिराच्या पट्टीत, की मामांचा खेळ आणि माझा खेळ एकच होतो! राजा एक घर, प्यादं एक घर, टोकाला वजीर. वादाला जागाच नाही. राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, अशी कोंडी झाली तर बरोबरी मानायची, एवढं फक्त मी आधीच कबूल करून घेतलं.

आज दुपारी लाइट गेली होती, तेव्हा ओसरीत हेच मांडून बसलो. माझं प्यादं चौथ्या घरात, त्याच्या लगेच पुढे माझा राजा, मग एक मोकळं घर, आणि समोर मामांचा काळा राजा. दोन्ही राजे एकमेकांची वाट अडवून उभे. आता चाल माझी असेल तर बरोबरी, मामांची असेल तर डाव माझा. मोहरी तीच, घरं तीच, फक्त पाळी कोणाची एवढाच फरक! ज्याची पाळी त्याला बाजूला किंवा मागे सरकावंच लागतं, 'पास' म्हणायची सोय नाही. एरवी मला वाटायचं, आपली चाल असणं म्हणजे चांगलंच. मामांना हे मोबाइलशिवाय ठाऊक होतं. पाळी त्यांची आली तसे ते हसले आणि म्हणाले, "आता तू सांगशील तिकडं जातो, पोरी. दोन्हीकडून मेलोच हाय."

उरलाय तो किल्लेकोट, म्हणजे एकाच चालीत राजाला दोन घरं हत्तीकडे सरकवून हत्तीला त्याच्या पलीकडे ठेवणं. तो त्यांच्या खेळात नाहीच. त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. मी सांगितलं, युरोपातही किल्लेकोट रुळण्याआधी राजाला अशीच एकदाची उडी होती, हेतू तोच, राजाला आडोशाला नेणं. राजा आणि हत्ती आधी हललेले नसले तरच जमतं, हेही सांगितलं. मामांनी पटावर करून बघितलं, मग दोन्ही मोहरी जागेवर ठेवली.

"राजा बी हलणार अन् हत्ती बी? मंग ह्या दोन चाली झाल्या की. एक माझी सोड."