तुम्ही विचारलंत म्हणून: तुकड्यांची पिशवी टिकते का?

मी गोधड्या शिवते हे माहीत असलेल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी विचारलेला प्रश्न आहे हा. उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची मी शिवलेली पिशवी हातात घेतात, उलटून आतली शिलाई बघतात, छान झालीये म्हणतात आणि मग हळूच, "पण ताई, तुकड्यांची आहे ना, टिकेल का? कांदेबटाटे आणता येतील की नुसती मिरवायला?" दर वेळी घाईत 'हो, टिकते की' एवढंच बोलून होतं, म्हणून आज नीट सांगते.

टिकते. नीट शिवली तर बाजारात मिळणाऱ्या एकेरी कापडाच्या पिशवीपेक्षा जास्त टिकते असं मी छातीठोक सांगेन. आपली गोधडी, आमच्या सांगलीकडे वाकळ, ती मुळात जुन्या कापडाचीच असते, विरलेली लुगडी, धोतरं, एकेक थर बघाल तर बोटाने फाटेल असा. पण तेच तीनचार थर एकावर एक घालून काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत गेलं की तीच वाकळ वर्षानुवर्षं पांघरली जाते आणि नदीवर आपटून धुतली तरी जागची हलत नाही, कारण ताण एका धाग्यावर येत नाही, सगळ्या टाक्यांत वाटला जातो. पिशवीतही मी हेच करते. वर तुकडे, मध्ये जुन्या सुती चादरीचा एक थर, आत अस्तर, आणि तिन्ही मिळून दीडदोन इंचावर उभ्या टिपा. फोम मी घालत नाही. दिसायला पिशवी मस्त ताठ उभी राहते पण आपल्या पावसाळ्यात एकदा भिजली की दोनदोन दिवस वाळत नाही आणि मग वास येतो.

तुकडा घ्यायचा की नाही ते ठरवायला सोपी पद्धत आहे. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आधी उभं ताणायचं, मग आडवं, आणि उजेडाकडे धरून बघायचं. धागे सरकून जाळी दिसायला लागली की तो तुकडा पिशवीच्या वरच्या अंगाला नको, मधल्या थरात घाला, तिथे चालतो. खणाचे तुकडे फार सुंदर दिसतात पण त्याचे धागे सुटतात, त्यामुळे नेहमीच्या पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईबाहेरचं कापड, ठेवायची आणि कडेला लगेच झिगझॅग मारून टाकायची. गडद लाल, जांभळे, हिरवे तुकडे आधी वेगळे धुवायचे, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, माझा काही त्यावर विश्वास नाही, जास्तीचा रंग धुवून काढणं हाच उपाय.

आता खरी गोष्ट. पिशवी कापडात फाटत नाही हो, फाटते ती बंदाशी! पाच किलोचं वजन वरच्या काठावरच्या दोन टाक्यांवर लटकवलं तर नवंकोरं कापडसुद्धा उसवेल. म्हणून मी बंद वरून चिकटवत नाही, तळाखालून फिरवते. पंधरा बाय सोळाची पिशवी असेल तर चार इंच रुंद पट्टी घ्यायची, दोन्ही कडा मध्यावर दुमडून परत अर्ध्यात दुमडायची म्हणजे चार पदरी एक इंचाचा पट्टा होतो. लांबी तीन मीटरला थोडी कमी. बाजूच्या शिलाया घालायच्या आधीच, पिशवी सपाट पसरलेली असताना, हा पट्टा समोरून वर, खांद्याला चोवीस इंच मोकळा सोडून खाली, तळाखालून मागे, परत वर, असा सलग गोल फिरवून शिवायचा. मग वजन पट्टाच उचलतो आणि पिशवीचं अंग नुसतं सामान धरून ठेवतं. जिथे पट्टा काठाबाहेर पडतो तिथे एक चौकोन आणि त्याच्यात फुली, त्याच टिपेवरून दोनदा. पट्टी कायम उभ्या धाग्यातच कापायची, उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लोंबत लोंबत गुडघ्यापर्यंत येईल. आणि एवढा लांब तुकडा उरलेल्या कापडात कुठून मिळणार, जोड तर द्यावेच लागतात, ते तिरके द्यायचे आणि पिशवीच्या अंगावर येतील असे, खांद्यावरच्या मोकळ्या भागात जोड नको म्हणजे नको.

सुई सोळा नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. ओल्या भाजीने सुती दोरा कुजतो. तळाच्या कोपऱ्यांना दोनदोन इंचाचे चौकोन कापून आडवी टीप घातली की चार इंचाचा तळ मिळतो, भोपळासुद्धा नीट बसतो.

पाऊचला एवढा व्याप नाही. अगदी बोटभर पट्ट्या उरतात त्यांचेच पाऊच होतात. चेन मीटरवर घ्यायची, रनर, म्हणजे चेन उघडबंद करायची सरकती कडी, वेगळा मिळतो, हवी तेवढी कापून ओवायचा आणि चेनच्या दोन्ही टोकांना कापडाची छोटी टोपी शिवायची म्हणजे कोपरा फुगत नाही.

2018 मध्ये आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा घरोघरी पुन्हा कापडी पिशव्या निघाल्या, आणि तेव्हापासून मला मनापासून वाटतं की रोज भाजीला नेतो तीच पिशवी सगळ्यात देखणी असावी. साडीचे काठ, बाळाच्या दुपट्याचा उरलेला मलमल, आजोबांच्या शर्टाची चौकट, हे कपाटात घडी घालून ठेवण्यापेक्षा रोज खांद्यावर असलेलं काय वाईट? मळली की धुवा. साध्या साबणाने, उलटी करून, आणि वाळत घालताना तळ वर करून, कारण थर तळाशी जास्त असतात आणि ओल तिथेच राहते.

आणि हो, तुमच्याकडे कातरण पडून असेल तर टाकू नका, मला सांगा, मी नेईन. फक्त शिफॉन, जॉर्जेट नको, ते मशीनखाली फार सरकतं.