लाइन आणि सूत

घोडबंदर रोडला एखाद्या फ्लॅटचं काम निघालं की सकाळी तीन माणसं एकच प्रश्न विचारतात, "लाइन बघितली का?" गवंड्याच्या मनात दोरी असते, प्लंबरच्या मनात पाइप आणि वायरमनच्या मनात फेज, म्हणजे वीज आणणारी तार.

गवंड्याची लाइन मूळ अर्थाला सगळ्यांत जवळची. दोन टोकांच्या विटा ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, बसवायच्या, मध्ये नायलॉनची दोरी ताणायची आणि उरलेल्या विटा तिच्या धाकात लावायच्या. वीट दोरीला टेकू द्यायची नाही. अर्धं सूत, म्हणजे साधारण १.५ मिलिमीटर, फट ठेवायची. एकीनं दोरी बाहेर ढकलली की पुढच्या तिच्याच मागे जातात आणि भिंतीला पोट सुटतं. मग ते जाड प्लास्टरखाली झाकलं जातं. बिल अर्थातच मालकाला.

वायरमनची लाइन दिसत नाही, म्हणून तिथली चूक जास्त वाईट. बटण फेजवरच हवं. न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, घातलं तरी दिवा विझतो आणि सगळं ठीक वाटतं. पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते. बल्ब बदलताना झटका बसतो तो यामुळे. बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणत असेल तर ही शंका आधी घ्यावी.

प्लंबरचं सोपं: सांडपाण्याच्या ४ इंची लाइनला ४० फुटांत १ फूट उतार. कमी पडला की लाइन तुंबते.

घराबाहेर पडलं की ठाणे-वाशी लोकलची ट्रान्स-हार्बर लाइन, आणि वाशीहून ठाण्याला परत आल्यावर रिक्षाची लाइन. पहिलीला मार्ग आणि दुसरीला रांग हे शब्द आहेत की आपल्याकडे! पण रिक्षासाठी कुणी मध्ये घुसला तर "ओ काका, लाइनीत या" असंच तोंडातून निघतं.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून आला. 'लिनुम' म्हणजे जवस, 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. मराठीनं हाच प्रवास कापसावरून केला. सूत म्हणजे धागा. गवंडी-सुतारांकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि सरळ उभी भिंत 'सुतात' असते.

राहता राहिलं तलावपाळीवर लाइन मारणं. ते लागू पडलं, तर त्यालाही मराठीत सूत जुळणंच म्हणतात.