तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकअप होता ना, मग?

"भाऊ, बॅकअप होता ना? मग धुळ्याच्या ब्रँचचं काम तीन दिवस का अडलं?" जळगावला हेड ऑफिसात अकाउंट्सवाले विचारतात, परचेसवाले विचारतात, टपरीवर चहा पितानाही तेच. एकदाच सांगतो.

बॅकअप होता. नसता तर काम एका दिवसात उरकलं असतं.

धुळ्याला एकच डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची खाती-पासवर्ड सांभाळून लॉगिन देणारा सर्व्हर; तोही व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका खऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत चालणारा. मे महिना, एसी बंद, यूपीएसची बॅटरी बसलेली. लाइट गेली आणि होस्टची डिस्क करप्ट झाली. तिथल्या पोराने ११ दिवसांपूर्वी एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घेतलेली व्हर्च्युअल डिस्कची फाइल जुन्या जागी पेस्ट केली. पंधरा मिनिटांत लॉगिन सुरू, सगळे खूश. फाइल सर्व्हर असता तर मीही त्याची पाठ थोपटली असती.

डिरेक्टरीचं, म्हणजे खात्यांच्या त्या यादीचं, गणित वेगळं. तिची प्रत जळगावच्या कंट्रोलरवरही असते आणि दोघे एकमेकांचे बदल ओढत राहतात; त्यालाच रेप्लिकेशन म्हणतात. प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्याकडच्या प्रत्येक बदलाला चढता नंबर देतो, यूएसएन. जळगाव लक्षात ठेवतं: धुळ्याचं, समजा, ८६,९१२ पर्यंत आलंय, आता पुढचं. जुन्या फाइलवरून उठलेला धुळ्याचा सर्व्हर मात्र ८४,१०० वर. तो नव्या बदलांना ८४,१०१ पासून नंबर देणार. जळगावच्या लेखी ते कधीच घेऊन झालेत, म्हणून ते मागतच नाही. उलट त्या ११ दिवसांत धुळ्यात जे झालं ते जळगावकडे आहे, पण जळगाव ते परत देत नाही. धुळ्याचंच आहे, धुळ्याकडे असणारच, असा त्याचा हिशोब.

एरवी हे पकडलं जातं. जळगाव ८६,९१२ च्या पुढचं मागतं, धुळ्याकडे तेवढा आकडाच नसतो. लॉगमध्ये २०९५ नंबरचा इव्हेंट पडतो, रेप्लिकेशन बंद, लॉगिनची नेटलॉगऑन सेवा पॉज. बोंब तरी होते. इथे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली, दोन दिवस लिंकच नव्हती. ती आल्यावर आधी धुळ्याने जळगावचे साचलेले बदल ओढले. आत येणारा बदलसुद्धा इथला नंबर खातो. आकडा ८६,९१२ च्या पार गेला, आणि मग जळगावने पुढचं मागितलं. कुणालाच काही खटकलं नाही. रेपअ‍ॅडमिन हा रेप्लिकेशन तपासणारा प्रोग्राम सगळीकडे 'सक्सेसफुल' दाखवत होता.

सापडलं एका फोल्डरवरून. सिक्युरिटी टॅब (कुणाला परवानगी आहे ते इथे दिसतं) जळगावातून उघडला तर अकाउंट्सच्या एका ताईंचं नाव. तोच फोल्डर, तोच टॅब, धुळ्यातून उघडला तर स्टोअरमधल्या नव्या पोराचं नाव! प्रत्येक डोमेन कंट्रोलरला आरआयडीचे ५०० नंबर एकगठ्ठा मिळतात, त्यातून एकेक खात्याला लागतो. त्यावरून खात्याची ओळख, एसआयडी, बनते; परवानग्या नावावर नाही, त्या एसआयडीवर असतात. ताईंचं खातं त्या ११ दिवसांत धुळ्यात उघडलेलं. नंतर त्यांची बदली जळगावला झाली, म्हणून त्यांना काही जाणवलं नाही. जुना सर्व्हर उठला आणि त्यांचाच नंबर त्याने लिंक नसतानाच्या दोन दिवसांत या पोराला दिला. एक एसआयडी, दोन माणसं. पोराला पगाराच्या शीटा उघडत होत्या आणि जळगावच्या लेखी तो पोरगा अस्तित्वातच नव्हता.

मग तीन दिवस कशाला? धुळ्याचा सर्व्हर जबरदस्तीने डिमोट केला (कंट्रोलरपदावरून उतरवला), जळगावात त्याच्या खुणा पुसल्या (मेटाडेटा क्लीनअप), डीएनएसमधले त्याचा पत्ता सांगणारे एसआरव्ही रेकॉर्ड काढले, एनटीडीएसयूटिल या टूलने डुप्लिकेट एसआयडी तपासले. लिंक बारीक, म्हणून नव्या सर्व्हरसाठी डेटाबेसची आयएफएम प्रत (जिच्यावरून नवा कंट्रोलर उभा करतात ती) जळगावात काढून गाडीने नेली, तीही एन्क्रिप्टेड डिस्कवर, कारण त्यात सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असतात. एवढं एका दिवसाचं काम. बाकीचे दोन दिवस कोणता फोल्डर खरा कोणाचा, हे एकेक करून ठरवण्यात गेले.

"विंडोज सर्व्हर २०१२ पासून जनरेशन आयडी आहे की," असं जाणकार म्हणतात. आहे, व्हर्च्युअल मशीनला लागलेला एक नंबर. हायपरव्हायजरमधून, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मशीन जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेलं तर तो आयडी बदलतो, सर्व्हरला कळतं, तो जुना आरआयडी गठ्ठा टाकून देतो आणि नवी ओळख घेतो. पण त्याच मशीनखाली फाइल बदलली तर आयडी तोच राहतो. रीतसर सिस्टिम स्टेट बॅकअप (विंडोजचा, डिरेक्टरीसकट घेतलेला) असता, १८० दिवसांच्या आतला, तर तो चालला असता. आणि जळगावचा कंट्रोलर धडधडीत जिवंत असताना तोही लागत नव्हता; नवा उभा करायचा, बस्स.

फाइल पेस्ट करणाऱ्या त्या पोराला नका बोलू. 'पॅच टाकण्याआधी व्हीएमची कॉपी घ्या' ही चेकलिस्टमधली ओळ माझी आहे. 'डोमेन कंट्रोलर सोडून' एवढं लिहायचं राहिलं. तेव्हा वाटायचं, एवढं कोणालाही कळतं. आज वाटतं, कळायचं काय कारण? तरी एकच कंट्रोलर असलेल्या ब्रँचला पॅच टाकताना हात आजही त्या कॉपीकडेच जातो, आणि तो चूकच आहे असं छातीठोक सांगत नाही मी.

धुळ्याला आता दोन डोमेन कंट्रोलर आहेत. दोन्ही एकाच होस्टवर. दुसऱ्या होस्टच्या खरेदीची फाइल परचेसकडे आहे; टपरीवर प्रश्न विचारणाऱ्यांनी तेवढी बघावी.